शेअर सर्टिफिकेट कुणाच्या नावावर? – मृत्युपत्राची थोडी जुनी गोष्ट

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा माझ्याकडून टँकरच्या दिवसांच्या किंवा पहिल्या गणेशोत्सवाच्या आठवणी अपेक्षित असाव्यात. ते विषय इतरांनी घेतले आहेत, आणि माझ्यापेक्षा चांगले लिहिले आहेत. मी १९९९ पासून सलग बारा वर्षे आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो आणि त्याआधी व नंतरही शाळेत इतिहास शिकवत होतो. या दोन नोकऱ्यांचा (पहिली बिनपगारी) जिथे छेद जातो असा एकच विषय मला माहीत आहे, तो म्हणजे मृत्युपत्र. पंचविसाव्या वाढदिवसाला हा कसला अभद्र विषय, असे सौ. म्हणाल्या. पण पंचवीस वर्षांपूर्वी पस्तीस-चाळिशीत इथे राहायला आलेली आपण माणसे आता साठी ओलांडली आहोत. मंगल कार्यात हा विषय निघणार नसेल तर तो थेट दहाव्याच्या दिवशी निघतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

सुरुवात आपल्या गच्चीपासून करतो. २००० साली पहिले ऑडिट झाले. ऑडिटरनी शेरा मारला, ‘नॉमिनेशन रजिस्टर अपूर्ण.’ दुरुस्तीला आठवड्याची मुदत होती. मग रविवारी संध्याकाळी सगळ्या सभासदांना गच्चीवर बोलावलं, वडापाव आणि चहा ठेवला आणि फॉर्म वाटले. तीन प्रती, दोन साक्षीदार. "आजच भरून द्या हो, उद्या मला रजिस्टर पूर्ण करायचंय," असं मी फिरून फिरून सांगत होतो. कुणी बायकोचं नाव घातलं, कुणी मुलाचं. एकाने विचारलं, "यात नाव घातलं म्हणजे नक्की काय होतं?" मी म्हणालो, "आपल्या पश्चात फ्लॅट त्यांच्या नावावर होतो." तासाभरात छत्तीसच्या छत्तीस फॉर्म जमा झाले. पुढच्या वर्षी ऑडिट वर्ग ‘अ’ मिळाला आणि एजीएममध्ये माझं अभिनंदनही झालं.

मी दिलेलं ते उत्तर चूक होतं. किती चूक होतं, ते कळायला आठ वर्षं गेली.

बी विंगमध्ये एक तरुण सभासद होते. त्यांच्या पत्नीची परवानगी घेऊनच हे लिहितो आहे, नाव मात्र लिहीत नाही. फ्लॅट घेतला तेव्हा ते अविवाहित होते. गच्चीवरच्या फॉर्मात त्यांनी मोठ्या भावाचं नाव घातलं, कारण डाउन पेमेंटला भावाने मदत केली होती. पुढे लग्न झालं, मुलगी झाली. मेंटेनन्सच्या बिलावर पत्ता तोच, लेटरबॉक्सवर नवीन नावाची पट्टी आली, पण रजिस्टरातलं नाव बदलायचं ना त्यांना सुचलं, ना मला. २००८ साली ते आजारपणात गेले. महिन्याभराने भावाचा अर्ज आला, सोबत आमच्याच शिक्क्याची नॉमिनेशनची पोचप्रत. वहिनींचा अर्ज त्यानंतर पंधरा दिवसांनी आला.

कमिटीत चर्चा झाली. आम्ही सल्ला घेतला. सहकार कायद्याचं कलम ३० उघडलं. त्यात सरळ लिहिलं होतं की सभासद वारल्यावर संस्थेने त्याचा भाग नॉमिनीच्या नावे वर्ग करावा. "तुम्ही नॉमिनीच्या नावे करा आणि मोकळे व्हा, बाकी त्यांचं ते बघतील," असं सांगण्यात आलं. आम्ही मोकळे झालो. शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला दिराचं नाव मी माझ्या अक्षरात लिहिलं, खाली सही केली. त्याच महिन्यात एक इस्टेट एजंट गिऱ्हाईक घेऊन फ्लॅट बघायला आला. दार उघडलं ते पहिलीत जाणाऱ्या मुलीने.

वहिनींनी कल्याणच्या कोर्टात दावा लावला, विक्रीला मनाई मिळाली आणि मग तारखांमागून तारखा सुरू झाल्या. मधल्या एका तारखेला रजिस्टर घेऊन मला साक्षीला बोलावलं. वहिनींच्या वकिलांनी विचारलं, "ही सही तुमचीच?" होय. "फॉर्म भरून घेताना सभासदाला नॉमिनेशनचा अर्थ समजावून सांगितला होता?" मी म्हणालो, सांगितला होता. "काय सांगितला होता?" मी गच्चीवरचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं. वकिलांनी पुढे काही विचारलं नाही. मला वाटतं, त्यांना हवं ते मिळालं होतं.

त्या संध्याकाळनंतर मी हा विषय मुळापासून वाचायला घेतला. सापडलं ते असं.

नॉमिनेशन ही गोष्ट फ्लॅटसाठी जन्मलीच नव्हती. आपल्याकडे सहकाराचा पहिला कायदा १९०४ चा, तो फक्त पतसंस्थांपुरता. सावकाराच्या कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांनी थोडे थोडे पैसे जमवून एकमेकांना कर्ज द्यावे, ही कल्पना. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या संस्थांनाही वाट मोकळी केली. त्याच्या कलम २२ मध्ये ही तरतूद दिसते : सभासद वारला तर संस्थेने त्याचा भाग त्याने नेमलेल्या माणसाच्या नावे करावा, कुणी नेमलेले नसेल तर जो वारस असल्याचे कमिटीला दिसते त्याच्या नावे करावा. हेतू उघड आहे. खेड्यातल्या संस्थेत कुणाचे पाच-पंचवीस रुपये अडकले आहेत, घरात चार भाऊ भांडताहेत, अशा वेळी संस्थेच्या चिटणिसाने कुणाच्या हातात पैसे द्यायचे? एकाला द्यावे, पावती घ्यावी, संस्था सुटली. घरातला निवाडा घरात किंवा कोर्टात होईल.

१९१५ मध्ये मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी गृहनिर्माण संस्था काढली. देशातल्या अगदी सुरुवातीच्या अशा संस्थांपैकी ती एक. तेव्हापासून शेतकऱ्याच्या भागभांडवलासाठी केलेली ती सोय घरांनाही लागू झाली. १९२५ चा मुंबई कायदा, १९६० चा महाराष्ट्र कायदा असे कायदे बदलत गेले तरी तिचा गाभा तोच राहिला. आपल्या शेअर सर्टिफिकेटवर काय लिहिले आहे ते काढून बघा. प्रत्येकी ५० रुपयांचे ५ शेअर, एकूण रुपये २५० फक्त. कायद्याच्या दृष्टीने संस्थेने नॉमिनीच्या नावे केले ते हे अडीचशे रुपये आणि त्यासोबत येणारे सभासदत्व. घराचा मालक कोण, हा प्रश्न संस्थेच्या रजिस्टरात कधी सुटतच नव्हता. नॉमिनी फक्त सांभाळणारा, मालकी वारसांची, असे मुंबई उच्च न्यायालयाने सोसायटीच्या नॉमिनेशनबाबत १९८२ च्या एका निकालात स्पष्ट केले होते. विम्याच्या पैशाबाबत तेच सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८३ मध्ये सांगितले. म्हणजे माझे गच्चीवरचे उत्तर मी देण्यापूर्वीच अठरा वर्षे चुकीचे ठरलेले होते.

मग मालक कोण, हे ठरते कशाने? मृत्युपत्राने, आणि ते नसेल तर वारसा कायद्याने. इथून मागे गेले की इतिहास खरा रंगतो.

आपल्या जुन्या धर्मशास्त्रात मृत्युपत्र नाही. त्यासाठी शब्दच नाही. विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली ती चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या राजधानीत, कल्याणीला. (आपल्या शेजारचे स्टेशन नव्हे, बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण.) त्याच्या मते वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क मिळतो. जी वस्तू जन्मापासूनच मुलाचीही आहे ती बाप मरताना कुणाला देणार? आपला हा भाग, म्हणजे उत्तर कोकण, मुंबई बेट आणि गुजरात, इथे मिताक्षरेपेक्षाही नीलकंठ भट्टांच्या व्यवहारमयूखाला जास्त मान होता. भट्ट घराणे मूळचे पैठणचे, नंतर काशीला स्थायिक झालेले. मयूखाने बहिणीला वारसात बरेच वरचे स्थान दिले, ही त्याची खासियत. भारतरत्न पां. वा. काणे यांनी या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती १९२६ मध्ये काढली. या परंपरेत मृत्युपत्राच्या जवळ जाणारी गोष्ट एकच दिसते. बापाने धर्मकार्यासाठी काही देण्याचे कबूल केले असेल आणि तो ते देण्याआधी गेला, तर मुलाने ते द्यावे, असे कात्यायनाचे मत आहे. तेही मिळकतीचे वाटप नव्हे, राहून गेलेले कर्तव्य आहे.

मुसलमानांचा कायदा याबाबत पहिल्यापासून स्पष्ट होता. वसीयत करता येते, पण देणे आणि अंत्यविधीचा खर्च वजा जाता उरलेल्या मिळकतीच्या एक-तृतीयांशापर्यंतच. बाकीचे वारसांचे. आपल्या बोलण्यात ‘वसीयतनामा’ हा शब्द आला तो तिथूनच.

मराठेशाहीत एक प्रसिद्ध कागद आहे, त्याला लोक मृत्युपत्र म्हणतात. थोरले माधवराव पेशवे १७७२ मध्ये थेऊरला क्षयाने अंथरुणाला खिळले होते, तेव्हा त्यांनी नऊ कलमांची यादी लिहवून घेतली. कर्ज फेडावे, काशी-प्रयाग सोडवावे, दादासाहेबांची व्यवस्था लावावी, अशी ती कलमे आहेत. वर्गात हा भाग शिकवताना मी मुलांना विचारत असे, यात घर कुणाला, दागिने कुणाला, असं काही आहे का? नाही. देणी काय राहिली आणि कामं काय राहिली, एवढंच आहे. १८ नोव्हेंबरला माधवराव गेले आणि वर्षाच्या आत धाकट्या नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. कागद कितीही चांगला असला तरी तो अमलात आणणारा माणूस लागतो. आजच्या भाषेत त्याला एक्झिक्युटर म्हणतात.

दुसरे उदाहरण शेवटच्या पेशव्यांचे. ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला, राहणाऱ्या दुसऱ्या बाजीरावांनी १८३९ मध्ये मृत्युपत्र करून दत्तक पुत्र धोंडोपंत, म्हणजेच नानासाहेब, यांना आपला वारस नेमले. १८५१ मध्ये बाजीराव गेले. खाजगी संपत्ती नानासाहेबांकडे गेली, पण कंपनीकडून मिळणारे वर्षाचे आठ लाखांचे पेन्शन डलहौसीने बंद केले. कंपनीचे म्हणणे, ते तुम्हाला हयातीपुरते होते, ते तुमच्या मृत्युपत्रात बसत नाही. न्याय-अन्याय बाजूला ठेवला तरी यातला मुद्दा आपल्यापैकी अनेकांच्या घरातला आहे. आपल्यातली किती तरी बिऱ्हाडे गिरगाव-लालबागच्या खोल्यांमधून डोंबिवलीला आली, आणि काहींच्या वडिलांच्या नावे ती पागडीची खोली अजून आहे. "बाबांनी खोली मला लिहून दिलीय," असे कुणी सांगतो. बाबांना ती लिहून देता येत नाही. भाडेकरूचा संरक्षित हक्क मृत्युपत्राने देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ठरवले. तो हक्क पुढे जातो तो भाडेकरूसोबत शेवटपर्यंत राहत असलेल्या कुटुंबीयाकडे. जे आपले नाही ते पेशव्यांनाही लिहून देता आले नाही.

मृत्युपत्र ही रीत हिंदू समाजात शिरली ती इंग्रजांच्या बंदरांतून. १७२६ च्या सनदेने मुंबई, मद्रास, कलकत्ता इथे मेयर्स कोर्टे स्थापन झाली आणि त्यांना प्रोबेट देण्याचा, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा दाखला देण्याचा अधिकार मिळाला. व्यापारातून स्वतःच्या कर्तृत्वावर पैसा मिळवणारा नवा वर्ग या शहरांत तयार झाला होता. त्यांच्या कमाईला वडिलोपार्जितचा नियम नीट बसेना. इंग्रज शेजारी करतो तसा कागद तेही करू लागले. अखेर १८७० मध्ये हिंदू विल्स अॅक्ट आला. १ सप्टेंबर १८७० पासून बंगाल प्रांतात आणि मद्रास-मुंबई या दोन शहरांत हिंदूंचे मृत्युपत्र लेखी हवे, सही हवी आणि दोन साक्षीदार हवेत, असा नियम झाला.

या काळातला सगळ्यात गाजलेला खटला कलकत्त्याच्या टागोर घराण्याचा. प्रसन्नकुमार टागोरांच्या एकुलत्या एक मुलाने, ज्ञानेंद्रमोहनने, ख्रिस्ती धर्म स्वीकारला. वडिलांनी त्याला वगळून मिळकत पुतण्या जतींद्रमोहनला हयातीपुरती, पुढे त्याच्या मुलाला, मग मुलाच्या मुलाला, अशी न जन्मलेल्या पिढ्यांपर्यंत बांधून टाकली. १८७२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की पुतण्याचा हयातीचा हक्क ठीक, पण मृत्युपत्र करणाऱ्याच्या मृत्यूच्या वेळी जो जन्मलाच नाही त्याला असे काही देता येत नाही. पुढची सगळी साखळी तुटली. आजही "नातवाच्या मुलालाच मिळावे, मधल्यांनी विकू नये," असे लिहायचे आहे म्हणणारे मला भेटतात, तेव्हा मी त्यांना टागोरांची गोष्ट सांगतो.

मुंबई शहराबाहेर मात्र हा १८७० चा नियम लागू नव्हता. पुणे, ठाणे, सातारा इथल्या हिंदूने तोंडी मृत्युपत्र केले तरी चालत असे! ही सवलत थेट १ जानेवारी १९२७ पर्यंत होती. म्हणूनच महात्मा फुले यांचे मृत्युपत्र मला विशेष वाटते. पुण्यात लेखी करण्याची सक्ती नसताना जोतीरावांनी जुलै १८८७ मध्ये रीतसर लेखी मृत्युपत्र केले, त्याची नोंदणी केली. दत्तक पुत्र यशवंत हा एका ब्राह्मण विधवेचा मुलगा. भाऊबंद त्याला सुखाने नांदू देणार नाहीत, याची त्यांना कल्पना असणार. वारस यशवंत, पण तो नालायक निघाला तर बहुजन समाजातल्या दुसऱ्या एखाद्या लायक मुलाला मिळकत द्यावी, अशी तजवीज त्यात आहे. आपल्या देहाला दहन न करता मिठात घालून पुरावे, असेही लिहिले. १८९० च्या नोव्हेंबरात जोतीराव गेले. घरामागे खड्डा तयार होता, पण वस्तीत दफनाला नगरपालिकेने परवानगी नाकारली. दहन करावे लागले. अंत्ययात्रेत यशवंतच्या हक्काला भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे धरून पुढे चालल्या. मिळकतीबद्दलची इच्छा कागदाने टिकते, देहाबद्दलची मात्र मागे राहिलेल्यांच्या हातात असते.

गोव्याची तऱ्हा वेगळी. ए विंगमधल्या आपल्या एका सभासदांचे घर गोव्यात आहे, त्यांच्यामुळे हे मला समजले. तिथे १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा रुजला. लग्नाने नवरा-बायको मिळकतीचे निम्मे निम्मे मालक होतात, आणि आपल्या निम्म्यातलाही अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो. बाप रागावला म्हणून मुलाला सगळ्यातून काढू शकत नाही.

आपल्याकडे तो काढू शकतो. १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा आणि १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा मिळून स्वकष्टार्जित मिळकत आणि एकत्र कुटुंबातला स्वतःचा हिस्सा कुणालाही देण्याची पूर्ण मोकळीक आहे. बहुतेक जण ही मोकळीक वापरतच नाहीत. मग कायदाच त्यांच्या वतीने मृत्युपत्र लिहितो, आणि ते वाचून घरचे चकित होतात. पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई, सगळे सारख्या हिश्शाचे वाटेकरी. आईचा हिस्सा असतो हे दहातल्या नऊ जणांना माहीत नसते. आमच्या त्या बी विंगच्या दाव्यातही भावाचा काहीच हक्क नव्हता, पण गावी राहणाऱ्या सासूबाईंचा होता.

बायकांचे तर आणखी विचित्र आहे. स्त्री मृत्युपत्राविना गेली आणि मागे नवरा, मुले कुणी नसतील, तर तिच्या स्वतःच्या कमाईचे वारस आधी सासरचे, मग तिचे आईवडील. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढले, माहेरच्यांनी शिकवले, ती नोकरीला लागली. ती वारल्यावर तिचे पैसे गेले नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. न्यायालयाने सहानुभूती असल्याचे सांगितले, पण कलम १५ चे शब्द स्पष्ट होते. आपल्या सोसायटीत स्वतःच्या नावावर फ्लॅट असलेल्या एकट्या राहणाऱ्या चार भगिनी आहेत. त्यांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा, ही विनंती.

काही जण म्हणतात, कशाला हवे मृत्युपत्र, हयातीतच बक्षीसपत्राने देऊन टाकू. अप्पासाहेब बेलवलकरांनी हेच केले होते आणि १९७० पासून आपण ते नाटक बघून रडतो आहोत. बक्षीसपत्र सहजी मागे घेता येत नाही, मृत्युपत्र शेवटच्या श्वासापर्यंत बदलता येते. शेवटचे जे असेल ते खरे. साध्या कागदावर, मराठीत, हाताने लिहिले तरी चालते. स्टँप लागत नाही. दोन साक्षीदार मात्र असे हवेत की ज्यांना त्यात काही मिळत नाही आणि जे आपल्यापेक्षा वयाने लहान आहेत. आमच्या एका मित्राच्या मृत्युपत्राचे दोन्ही साक्षीदार त्याच्याआधी गेले. नोंदणी सक्तीची नाही, पण भांडण होण्याची शंका असेल तर ती जरूर करावी. आणि मूळ कागद बँकेच्या लॉकरात ठेवू नका हो. लॉकर उघडायला कागद लागतो आणि कागद लॉकरात असतो. प्रोबेटची सक्ती २०२५ पर्यंत मुंबई शहराच्या हद्दीत केलेल्या किंवा तिथल्या मिळकतीबद्दलच्या मृत्युपत्रांना होती. नुसत्या डोंबिवलीतल्या फ्लॅटसाठी इथेच केलेल्या मृत्युपत्राला ती तेव्हाही लागत नव्हती.

नॉमिनीचा गोंधळ मात्र संपायला फार वेळ लागला. कंपनीच्या शेअर्सच्या बाबतीत नॉमिनी हाच मालक, असे उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०१० मध्ये म्हटले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालच्या कायद्याखाली सांगितले की सोसायटीने नॉमिनेशनप्रमाणेच नाव लावावे, वारसांनी हक्कासाठी कोर्टात जावे. यातला पहिला अर्धा भाग तेवढा व्हॉट्सअॅपवर फिरला, आणि मला निदान दहा जणांनी "बघा सर, नॉमिनीच मालक" म्हणून पाठवला. शेअर्सचा २०१० चा निकाल उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१६ च्या अखेरीस चुकीचा ठरवला आणि १४ डिसेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचे म्हणणे उचलून धरले. आपल्यासाठी त्याहून महत्त्वाचे म्हणजे २०१९ मध्ये सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांचे वेगळे प्रकरण आले. त्यात आता नॉमिनीला फक्त तात्पुरता सभासद करून घ्यायचे आहे, मृत्युपत्राने किंवा वारसाने जो खरा हक्कदार ठरेल तो येईपर्यंत. हेच शब्द २००८ मध्ये पुस्तकात असते तर मी ती सही केली नसती. पण हे मी स्वतःच्या समाधानासाठी म्हणतो. १९८२ चा निकाल तेव्हाही होता. मी शोधला नाही.

तो दावा २०१५ मध्ये तडजोडीने मिटला. दिराने हक्क नसल्याचे लिहून दिले, डाउन पेमेंटची रक्कम वहिनींनी त्यांना हप्त्याने परत केली. सासूबाईंनी हक्कसोडपत्र करून दिले. त्या कागदावर अंगठा उठवायला त्या गावाहून एकट्या एसटीने आल्या होत्या. पहिलीतली मुलगी तोवर आठवीत गेली होती.

गेल्या वर्षी वहिनी घरी आल्या. नवीन नॉमिनेशन फॉर्म मुलीच्या नावे भरून दिला होता, त्याची पोच दाखवली आणि म्हणाल्या, "सर, आता तो दुसरा कागदही करायचाय. साक्षीदार म्हणून याल?" मी म्हणालो, मी सत्तरीचा, तरुण माणूस बघा. त्या म्हणाल्या, एक तरुण बघितलाय, दुसरे तुम्हीच. कल्याणच्या दुय्यम निबंधक कार्यालयात आम्ही साडेदहाला पोचलो. सर्व्हर बंद होता. समोरच्या टपरीवर दोनदा चहा झाला, पावणेदोनला आमचा नंबर लागला. माझ्या अंगठ्याचा ठसा यंत्राला चार वेळा उमटेना. कारकून म्हणाला, "काका, हात धुऊन या."

धुऊन आलो.